समोरची बाजू

६ जानेवारी, रोहा
पेणहून सकाळच्या एसटीने आलो. खोली छान उजेडाची आहे, मागे पेरूचं झाड आहे. दुपारी जेवताना चक्क भूक लागली होती. नूतन गेल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. शेजारणीने विचारलं तेव्हा बायको वारली एवढंच सांगितलं. तिने पुढे काही विचारलं नाही.

काम बसून करायचं आहे. ऋतुजा मॅडम परराष्ट्र संबंधांच्या इतिहासावर पुस्तक लिहीत आहेत. त्यांचे आजोबा परदेशात आपल्या वकिलातीत अधिकारी होते. तिथल्या फोनवरचं बोलणं एक कारकून ऐकून शब्दशः टाइप करायचा. त्याच्या प्रती आजोबांच्या या घरात आहेत. मॅडमनी मराठी केलं आहे, ते मी आणि गडब गावची संध्या तपासणार.

८ जानेवारी
पद्धत समजली. एकाने आपल्या अधिकाऱ्याचं बोलणं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पलीकडच्याचं. आधी रेकॉर्डरवर नावं सांगायची, ‘आमची बाजू हर्षद, समोरची बाजू संध्या’, म्हणजे चूक कोणाची ते नंतर कळतं. कागदावर ‘स्तब्धता’ असेल तिथे तेवढं थांबायचं. मॅडम म्हणाल्या, पत्र माणूस विचार करून लिहितो. फोनवर तो कुठे गप्प झाला, ते इतिहासाला जास्त उपयोगी.

संध्या परदेशी साहेबाचं वाचताना मान ताठ करते. दुपारी तिने पोपटीच्या, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा आणल्या. मी काहीच बोलत नाही म्हणून म्हणाली, “दादा, तुमच्यापेक्षा त्या कागदातला साहेब बरा, निदान बोलतो तरी.” हसू आलं.

१३ जानेवारी
नवीन फाइल. त्या देशाने आपला एक माणूस अडकवला होता, आपण त्यांचा. अदलाबदलीची बोलणी आहेत. आपल्या बाजूचं पहिलंच वाक्य, ‘आमचं माणूस आम्हाला परत हवं आहे.’ वाचून झाल्यावर उठून पाणी पिऊन आलो. संध्या कागदाकडेच बघत राहिली. समजूतदार मुलगी आहे.

१६ जानेवारी
संध्याच्या घरी पाहुणे, ती आली नाही. मॅडम मुंबईला. एकट्यानेच वाचलं. सवयीने सुरुवातीला समोरच्या बाजूला तिचंच नाव सांगून गेलो.

‘आमचं माणूस आम्हाला परत हवं आहे.’ एवढं वाचून पलीकडच्या उत्तरापुरता थांबलो. उत्तर आलं. पुरुषाचा आवाज, अतिशय सभ्य. नूतनबाई इथे सुखरूप आहेत, म्हणाला.

खोलीत कोणी नव्हतं. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं.

१७ जानेवारी
कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. फक्त माझाच आवाज आहे.

संध्याच्या आईचा, बायजाबाईंचा फोन आला. पोरीचा आवाजच गेलाय, ताप नाय, दुखत नाय, डॉक्टर म्हणतो घसा चांगला हाय. थंडीने बसला असेल, म्हणालो.

मग पुन्हा वाचायला बसलो. बसायला नको होतं. कागदावर नसलेलं विचारलं, बदल्यात काय हवं?

“ते आमच्याकडे पोचलं. नाव तुम्हीच दिलंत.”

१९ जानेवारी
आज नूतन बोलली. जेवलात का, एवढंच. खोकला अजिबात नव्हता. शेवटचे दोन महिने ती एक वाक्य सलग बोलू शकत नव्हती. ऊन कलेपर्यंत तिथेच बसलो.

२० जानेवारी
गडबला जाऊन आलो. संध्या ओटीवर होती. ओठ हलतात, शब्द नाही. बायजाबाईंनी सांगितलं, काल तिचा हात चुलीला भाजला, ती ओरडली, पण शेजारी बसलेल्या आईला कळलंसुद्धा नाही. मला पाणी द्यायला उठली. तांब्या खाली ठेवला, त्याचाही आवाज झाला नाही. तिची पावलंही वाजत नाहीत.

माझ्यामुळे. तिला सांगता आलं नाही.

२१ जानेवारी
समोरच्या बाजूला हात जोडून सांगितलं, संध्याला सोडा. दिलेलं परत हवं तर घेतलेलं परत करा, म्हणाले. पलीकडे नूतनचा श्वास ऐकू येत होता. मला तिला ‘जा’ म्हणायचं होतं.

जमलं नाही.

२२ जानेवारी
बायजाबाईंचा फोन. पोरगी समोर बसते, तरी घरात कोणी नाय असं वाटतं —

मॅडमना फोन केला, लागला नाही. रेकॉर्डर सुरू केला. समोरची बाजू हर्षद, असं म्हणालो. संध्याचं नाव काढा, म्हणालो.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग — मान्य.

२३ जानेवारी
संध्याचा फोन! आवाज खणखणीत. हर्षददादा, बरी हाय मी, तुम्ही कसे?

बरा आहे, म्हणालो. परत म्हणालो —

“दादा? बोला ना.”

ओरडलो. टेबलावर हात आपटला, आवाज नाही, नुसताच हात दुखला — नूतन अगदी जवळून म्हणते, ठेवा आता — तिकडे संध्या आईला सांगतेय, फोन उचललाय, पण दादा गप्पच हाय — मी बोलतोय, संध्या, ठेवू नकोस, मी केव्हाचा बो—