एका सीटचं विमान

ता. ६ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतची दोन माहितीपत्रकं पोचली. पाकीट जाड होतं म्हणून तुझ्या सासूला वाटलं कोर्टाचं काहीतरी आलं, आणि तिने ते आधी देवापुढे नेऊन ठेवलं. उघडलं तर आत विमानं. माझी शाळा चौथीत सुटली, त्यात कागद गुळगुळीत आणि अक्षर मुंगीएवढं. भिंग घेऊन बसलो. अर्धं कळलं, आणि जे कळलं त्याने झोप उडाली.

आपला लंबू जाऊन सहा महिने होत आले. घरी विमान बांधायचं हे तुम्हा नवराबायकोचं वेड मला माहीत होतं. पण ते वेडही त्याच्याबरोबर गेलं असं मी धरून चाललो होतो. आता तू लिहितेस की विमानाचे सुटे भाग मागवणार, गॅरेजमध्ये एकटी जोडणार, आणि दोन किटांपैकी कुठलं घ्यावं ते मी सांगायचं. अगं, मी गाड्यांच्या सीटा आणि सोफे शिवणारा माणूस. माळ्यावरचा डबा काढायचा तर खाली शिडी धरायला कुणीतरी लागतं मला.

गॅरेजचं दार केवढं आहे? बांधून झालं की बाहेर निघेल, की भिंत पाडायची? पेट्रोल कुठे ठेवणार? रंग लगेच पेट घेतो, आमच्या गल्लीत एकाचं दुकान त्यानेच गेलं. शेजारी तक्रार करतील ते वेगळंच. आणि वरून पडलीस तर आम्ही दोघांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ही म्हणते, तिला म्हणावं शिवणयंत्र घे, मन रमेल. मी म्हटलं, ते तूच लिही. ती लिहीत नाही. डोळे पुसते आणि माझ्यावरच चिडते.

मला विचारशील तर दोन्ही नको. रागावू नकोस. जेवतेस ना वेळेवर?

लोभ आहेच, तो काळजीसकट पदरात घे, ही विनंती.

तुझा,
बाबा

ता. १७ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप दिवसांनी हसले. दार मोठं आहे, पंख वेगळे काढता येतात, भिंत पाडायची नाही. पेट्रोल घरात ठेवणार नाही. शेजारचा वेल्डर स्वतःच दिवसभर एवढा आवाज करतो की त्याला तक्रार करायला तोंडच नाही. आईंना सांगा, शिवणयंत्र घेतलंच तर त्यावर पंख शिवीन.

पडण्याचं म्हणाल तर, बाबा, राग मानू नका, पण ते कुठे कधी वर गेले होते? ऑफिसातल्या खुर्चीतून उठले आणि तिथेच कोसळले.

आता किटांचं सांगते. पहिलं त्यांनी निवडलेलं. माहितीपत्रकावर पेन्सिलच्या खुणा आहेत ते. पत्र्याचं आहे आणि दोन सीटांचं. पत्रा हजारो रिव्हेट, म्हणजे जाड डोक्याचे छोटे खिळे, मारून सांगाड्याला जोडायचा. त्यासाठी एकाने बाहेरून हवेच्या बंदुकीने ठोकायचं आणि दुसऱ्याने पत्र्यामागे बसून रिव्हेटच्या टोकाशी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ते एकटीचं कामच नव्हे. दुसरं लहान आहे, एकाच सीटचं. नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. हे एकट्या माणसाला जमतं असं कंपनीने छापलंय. माझा कल या दुसऱ्याकडे आहे. कापडातलं तुम्हाला कळतं, म्हणून तुम्हालाच विचारलं.

आणखी एक. पत्राच्या सुरुवातीला तुम्ही 'सौ.' लिहिलंत. सवयीने लिहिलं असेल. मला वाईट वाटलं नाही. बाकीच्यांनी ते किती तत्परतेने काढून टाकलं!

आईंना नमस्कार. तुमच्या काळजीवरच माझं चाललंय, ती आटू देऊ नका.

आपली,
सूनबाई

ता. २७ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मागच्या वेळी ते 'सौ.' चुकून गेलं होतं. ही मला वाटेल ते बोलली. या वेळी समजून उमजून लिहिलंय.

आता कामाचं. माझं मन पालटलं. विमान बांधच, पण दोन सीटांचं बांध. पोराने जीव लावून निवडलंय. त्याच्या पेन्सिलच्या खुणांवरून मी बोट फिरवत असतो. एका जागी त्याने कोपऱ्यात लिहिलंय, 'सीटा बाबांकडून'. ते मला सांगायचं राहूनच गेलं त्याचं.

दुसरंही कारण आहे, ते आडपडदा न ठेवता लिहितो. एका सीटचं वाचल्यापासून तेच पान पुन्हा पुन्हा काढून बघतो. एकटीनेच वर जायचं, दुसऱ्याला जागाच नाही, हे कसलं विमान? तुझ्या मनात काही वेडंवाकडं नाही ना? परत न येण्याचं? विचारल्यावाचून मला घास गिळवेना.

दोन सीटांचं घेतलंस तर मी शेजारी बसेन. भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करून आलो. माहितीपत्रकात लिहिलंय त्यात बसतो. भंगारवाला म्हणाला, काका, या मालाला आता गिऱ्हाईक नाही. ठोकळा धरायलाही मीच येतो. कानांनी कमी ऐकू येतं, तेव्हा ठोकाठोकीचा मला त्रास नाही. सरावही चालू केलाय. त्याच्याकडूनच रंगाचं रिकामं पिंप आणलं, त्यात डोकं घालून मी आतून ठोकळा धरतो आणि ही बाहेरून हातोडी मारते. लग्नापासूनचा राग काढून घेतेय. शेजारी बघायला जमतात.

तेव्हा दोन सीटांचं नक्की कर. उत्तर लगेच धाड, म्हाताऱ्याचा जीव टांगून ठेवू नकोस, एवढा लोभ असू दे.

तुझा,
बाबा

ता. ११ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुमचा प्रश्न वाचून आधी संताप आला आणि मग रडू. नाही, बाबा. तसं काही मनात नाही. आईंनाही वाचून दाखवा. पहिले काही महिने सकाळी उठायचं कशाला असं वाटायचं, खोटं कशाला बोलू? विमानाचं डोक्यात घेतल्यापासून उठते.

पत्र्याचं का नको ते सांगायचं टाळत होते. गेल्या वर्षी आम्ही दोघं सुट्टीत रिव्हेट मारायला शिकायला गेलो होतो. पत्र्याच्या अलीकडे मी बंदूक घेऊन, पलीकडे हे ठोकळा घेऊन. एकमेकांना दिसत नाही, आणि कानात बोळे घातल्यावर बोलणं ऐकू येत नाही. म्हणून पलीकडच्याने ठोकळ्याने पत्र्यावर टकटक करून सांगायचं. एकदा केलं की रिव्हेट नीट बसला, दोनदा केलं की अजून मार. हाताला कळतं ते. हे मधूनच तीनदा करायचे. तीनदाचा अर्थ काही शिकवला नव्हता. मी बंदूक ठेवून पलीकडे जाऊन विचारलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, आहेस ना ते बघितलं.

गेल्या महिन्यात कंपनीकडून सरावासाठी पंखाचा छोटा तुकडा मागवला. ठोकळा धरायला शेजारचे वेल्डरभाऊ आले. कामाला चोख माणूस. बरोबर एकदा, बरोबर दोनदा. आणि मी दर वेळी तिसऱ्याची वाट बघत उभी. शेवटी त्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, वहिनी, बंदूक बिघडली का? मी हो म्हटलं आणि त्यांना चहा दिला.

हजारो रिव्हेट आहेत, बाबा. तुम्ही आलात तरी माझं तेच होणार. म्हणून एका सीटचं. पण तुमची ना असेल तर मी तेही मागवणार नाही. मी त्यांचं विमान मोडीत काढलं असं तुम्हाला वाटायला नको. तुमचा शब्द आला की मगच पैसे भरीन.

आईंचे गुडघे कसे आहेत? मला 'आपली' म्हणणं सोडू नका.

आपली,
सूनबाई

ता. १९ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. तीनदाचं आलं तिथे मी कागद खाली ठेवला, तेव्हा तिने तो उचलला आणि आत निघून गेली. मी पिंप भंगारवाल्याला परत करून आलो.

एका सीटचं घे. माझी ना नाही. दोन सीटांचं घरात आलं की तो थोडा तरी उरेल, असलं काहीतरी माझ्या मनाने धरलं होतं आणि ओझं तुझ्या डोक्यावर ठेवत होतो. तो उरायचा तेवढा तुझ्या हाताला कळतोय, आणखी काय हवं?

मात्र एकट्या माणसाला जमेल असं छापणाऱ्याने गादी शिवलेली दिसत नाही. चित्रं नीट बघ. कापड ताणून झालं की पंख उभा करतात आणि आतल्या सांगाड्याच्या प्रत्येक फासळीला आरपार टाके घालतात. दाभण या अंगाने घालायचं, त्या अंगाने काढून दुसऱ्या भोकातून परत पाठवायचं. प्रत्येक टाक्याला उठून पलीकडे गेलीस तर माझ्या वयाची होशील शिवता शिवता. पलीकडे कुणीतरी बसावं लागतं.

मी येतो. माझं दाभण आणि मेणाचं ढेकूळ घेऊन येतो, कापड आलं की कळव. तू दाराच्या बाजूला बस, मी भिंतीच्या बाजूला बसेन. टकटक करायची नाही, बोलायचं नाही. दोरा ओढला गेला की आपोआप कळतं.

आणि मधे पंख असेल, एकमेकांची तोंडं दिसणार नाहीत. तो गेल्यापासून मला तशी जागाच मिळालेली नाही गं. घरात ही असते, दुकानात गिऱ्हाईक असतं. तेव्हा माझ्या बाजूचा एखादा टाका वाकडा आला, किंवा दाभण परत यायला उशीर झाला, तर उठून बघायला येऊ नकोस. थोडं थांब. मी पाठवतोच.

लोभ तुझ्याकडेच आहे, तो असाच राहू दे.

तुझा,
बाबा