डाव्या कोपऱ्यातली लोकर

संगमनेर
दि. ३ डिसेंबर २०२४

ती. मार्थाआत्यास,
यशयाचा सा. जय ख्रिस्त. वि. वि.

तूच म्हणालीस, फोनवर तुझा आवाज चढतो, कागदावर निदान माणसासारखा बोलतोस. म्हणून हे पत्र. पत्ता खोडून दोनदा लिहिलाय, त्यावरून अक्षराला नावं ठेवू नकोस.

देवळाचा स्पीकर-बॉक्स तयार झाला. ईस्टरला जुना बॉक्स मी लाथ घालून फोडला, त्याच्या बदल्यात नवा बनवून देईन असं कमिटीपुढं बोललो होतो, ते पुरं केलं. वर्षभर देवळाची पायरी चढणार नाही असा तुला बायबलवर हात ठेवून शब्द दिलाय, तोही पाळतोय. पण गायनमंडळाची पेटी तूच वाजवतेस, तेव्हा एवढं तरी कबूल कर. जस्टिनची गिटार त्या दिवशी नॅन्सीचा आवाज गिळत होती. मी तीनदा सांगितलं, कमी कर. चौथ्यांदा पाय बोलला.

आता बॉक्सविषयी. आतून रिकामा ठेवला की गिटारचा आवाज मागच्या फळीवर आपटून परत येतो आणि रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. आत मऊ काही लावलं की ते घुमणं मरतं. आधी मी भंगारातून काचेची लोकर आणली, कारखान्यात वाफेच्या पाइपांना गुंडाळतात ती. दोन दिवस नुसता खाजवत बसलो. आमचे साउंडवाले अंगदभाऊ म्हणाले, येड्या, स्पीकर हवा फेकतो, तुमचं गायनमंडळ गाईल का खाजवील? मग ती सगळी उपसली आणि धनगराकडून फाटकी घोंगडी घेतली. मागच्या फळीला दोन थर, बाजूंना एकेक. त्याहून जास्त भरलं तर गिटार उशीत तोंड खुपसून रडल्यासारखी वाटते.

हनुमंत टेम्पोवाला शुक्रवारी आणून देईल. मागची फळी उघडायची वेळ आली तर नॅन्सीलाच उघडू दे. तिच्याइतका कान गावात कुणाला नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यातली घोंगडीची लोकर आधी काढायला सांग. जस्टिनच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर द्यायचा नाही. कॉलेजचं विचारायचं नाही.

लोभ आहे, तो शिव्या देतानाही चालू ठेव.
तुझा,
यशया


मिशन कंपाउंड, ता. राहुरी
दि. ९ डिसेंबर

चि. यशयास,
मार्थाआत्याचे अनेक आशीर्वाद.

बॉक्स पोचला. उतरवताना हनुमंत म्हणाला, मावशी, ह्यात मेंढरू हाय का काय, लई वास मारतंय. मी म्हटलं, व्हय रे बाबा, हरवलेलं हाय.

काल उपासनेत लावला. यशया, तुझी पाठ थोपटायला हवी होती, आणि त्याआधी कान धरायला. नॅन्सीचा शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. पाळकसाहेब डोळे मिटून बसले होते, आणि या खेपेला झोपले नव्हते. तुझे वडील सगळे गेल्यावर बॉक्सवरून हात फिरवून गेले.

एक खोड मात्र आहे. जस्टिन सगळ्यात जाड तार छेडतो तेव्हा आत काहीतरी फरफरतं, झुरळ अडकल्यासारखं. घोंगडीचा काठ सुटला असेल काय? जस्टिन उघडून बघतो म्हणाला. मी तुझा हुकूम सांगितला. तो हसला, म्हणाला, यशयाचा बॉक्स, यशयाचे कायदे. पोरगा वाईट नाही रे.

कॉलेजचं विचारत नाही. विचारलंच असतं तर शेवटच्या वर्षाचा फॉर्म अजून भरता येतो का, एवढंच विचारलं असतं.

जेवत जा. माया आहे, ती गृहीत धरू नकोस.
तुझी,
आत्या


संगमनेर
दि. ११ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. जय ख्रिस्त.

झुरळ नाही. चिठ्ठी आहे.

आता तुला खरं सांगितल्याशिवाय इलाज नाही. नॅन्सीला लिहिलेली चिठ्ठी मी डाव्या कोपऱ्यात लोकरीखाली ठेवली. दोन वर्षं तिच्यापुढं उभा राहिलो की तोंडाला कुलूप लागतं, आणि तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला की हात उठतो. फोन केला, तिनं उचलला नाही, तर तो फोन मी मुळा धरणात भिरकावला. हे तुला ठाऊक आहे. ती नंतर परत फोन करील हे मात्र मला सुचलं नाही.

मला वाटलं, बॉक्स ती उघडेल, लोकर काढेल, आणि हातात येईल. एवढ्या मापात फळ्या कापल्या, पण घडी घातलेला कागद हवेनं फरफरेल हे ध्यानात आलं नाही. अंगदभाऊंना कळलं तर मला सोल्डरिंगलाही उभं करणार नाहीत.

आत्या, तू वाचू नकोस. फक्त तिला उघडू दे. जस्टिनच्या हाती लागली तर मी मेलो.

रागावशील, रागाव. पत्राचं उत्तर तेवढं टाकत जा.
यशया


मिशन कंपाउंड
दि. १६ डिसेंबर

चि. यशयास,
आशीर्वाद.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन चुलीत गेली.

काल पाळकसाहेबांनी वेदीपुढून नॅन्सी आणि जस्टिनच्या लग्नाची पहिली सूचना वाचली. अजून दोन रविवार वाचतील. जानेवारीत लग्न आहे. दिवाळीतच ठरलं होतं. मला माहीत होतं. मी शाळेत चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि तुला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. तू बॉक्स करण्यात रमला होतास. तेवढं तरी पुरं होऊ दे म्हटलं.

कुणाची हरकत असेल तर आता सांगावी, असं नेहमीप्रमाणे वाचून झालं. कुणी हललं नाही. मग गीत सुरू झालं, जस्टिनने जाड तार छेडली आणि बॉक्स फरफरला. लोकांनी मान वळवून पाहिलं. मी पेटीचा भाता जोरात ओढला.

आता तू सांगशील तसं करते. नको म्हणालास तर तुझा कागद मी काढून आणीन.
तुझी,
आत्या


संगमनेर
दि. १८ डिसेंबर

ती. आत्यास,

हनुमंतच्या टेम्पोत बसलो होतो. राहुरीपर्यंत आलो. येत्या रविवारी उभा राहतो आणि सगळ्यांदेखत हरकत आहे म्हणतो, असं ठरवलं होतं. मग तुला दिलेला शब्द आठवला, आणि खरं सांगू, शब्द नसता तरी पाय उचलले नसते. हरकत काय सांगणार? मी तिला कधी विचारलंच नाही, ही? हनुमंत म्हणाला, दादा, उतरतूस का न्हाई? मी त्याच टेम्पोनं परत आलो.

तिला उघडू दे. वाचून ती काय म्हणेल ते मला कळव, जसंच्या तसं. गोड करून लिहू नकोस.
यशया


मिशन कंपाउंड
दि. २३ डिसेंबर

चि. यशयास,
आशीर्वाद.

जसंच्या तसं लिहिते.

शनिवारी दुपारी सरावाच्या आधी नॅन्सीला एकटीला बोलावलं. आठ स्क्रू तिनेच काढले. डाव्या कोपऱ्यातली लोकर बाजूला केली आणि कागद बघून थांबली. पहिल्या बाकावर बसून तिने तो दोनदा वाचला. रडली नाही. म्हणाली, आत्या, ईस्टरला त्याने बॉक्स फोडला तेव्हा मला वाटलं, आता तरी हा बोलेल. मी गेटपाशी थांबले होते. तो कॉलेज सोडून संगमनेरला निघून गेला. फोन आला तेव्हा मी दळणाला गेले होते. परत केला तर बंद. आठवडाभर करत होते.

मी विचारलं, कागद नेतेस का. ती म्हणाली, नेला तर घरात ठेवायचा कुठे? फाडायचं मन होत नाही. मग तिने त्याची अगदी लहान घडी केली, होता तिथेच ठेवला आणि वरून लावायला आणखी काही मऊ मागितलं. माझ्या जुन्या शालीचा तुकडा दिला. तो तिने बोटांनी दाबून दाबून बसवला, फळी लावली, आणि गिटारची जाड तार अंगठ्याने छेडली. तीनदा. फरफर नव्हती. म्हणाली, आता बरं वाजतंय.

काल दुसरी सूचना झाली. बॉक्स गप्प होता.

माझ्यावर राग धर, पण जेवण सोडू नकोस.
तुझी,
आत्या


संगमनेर
दि. २६ डिसेंबर

ती. आत्यास,
यशयाचा सा. जय ख्रिस्त. वि. वि.

तुझा नाताळचा केक हनुमंतने दिला. निम्मा त्यानंच खाल्ला होता.

शालीचा तुकडा नुसता दाबून बसवलाय, तो लग्नात गाणं चालू असताना सुटून स्पीकरवर पडेल. त्याला चारी बाजूंनी बारीक चुका मारायला हव्यात. हे काम नॅन्सीला सांगू नकोस, तिला आता मेंदी वगैरे असेल. जस्टिनला स्क्रू-ड्रायव्हर दे. वरूनच चुका मार म्हणावं, खालचं काही उचकटू नको. तो ऐकेल. पोरगा वाईट नाही.

फॉर्मची चौकशी केली होती, तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी. तारीख आदल्या दिवशी संपली होती.

सध्या मंडपवाल्यांसाठी दुसरा बॉक्स करतोय. अंगदभाऊंनी विचारलं, ह्यात लोकर का नाही, केवढा घुमतोय. म्हटलं, भाऊ, लावतो, उद्या लावतो. आज राहू दे.

लग्नात पेटी तूच वाजव. आणि घरी गेल्यावर मला लिही, नॅन्सीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला का.
तुझा,
यशया