गाढवं, पेन्शन आणि समजूतदार माणूस

५ फेब्रुवारी, सोमवार
नाही, तूच सांग ना. पैसे माझे. एकतीस वर्षं वाटाण्याच्या फॅक्टरीत फोर्कलिफ्ट चालवून साठवलेले. आणि काढायला फोन केला तर पेन्शन कंपनीतली ती कर्स्टी म्हणते, मिस्टर पिंचबेक, आधी मार्गदर्शनाची अपॉइंटमेंट बुक करून देऊ का? सरकारी आहे, फुकट आहे, तासाभराचं काम. म्हटलं, नको. तर म्हणे, नको असेल तर ते सांगायला वेगळा फोन करा. नियम आहे.
इकडे गाढवं विकणारा नॉरिस पैशासाठी थांबलाय. आठ गाढवं, खोगीरं, तबेला आणि मेबलथॉर्पच्या समुद्रकाठच्या वाळूवर पोरांना फिरवायची जागा. पंचावन्न हजार पाउंड. माझे अठ्ठावन्न आहेत. वजाबाकी येते मला.

६ फेब्रुवारी
वेगळा फोन केला. आवाज जड ठेवला. कर्स्टीने तीनदा विचारलं, नक्की नको ना? एवढ्यांदा तर लग्नात चर्चमध्येही विचारलं नव्हतं.
संध्याकाळी बायको, ग्लेन्डा, म्हणाली, घेतलास का सल्ला? हो म्हटलं. कोणी दिला? एका माणसाने. कसा होता? समजूतदार.
खोटं नाही. मीच मला दिला.

१३ फेब्रुवारी
राजीनामा दिला. सुपरवायझर म्हणाला, डग, पैसे हातात पडेपर्यंत तरी थांब की लेका. म्हणूनच तो अजून सुपरवायझर आहे.
नॉरिसला पाच हजार इसार दिला. ग्लेन्डाने बाथरूमसाठी ठेवलेले. बाकी पन्नास आठ मार्चला पाचच्या आत, नाहीतर इसार बुडाला. बुडतोय कशाला.
उद्यापासून रोज पहाटे गाढवांकडे जायचं.

१४ फेब्रुवारी
थंडी. आता सोमवारपासून नक्की.

२२ फेब्रुवारी
गेलो एकदाचा. डॉरीन नावाची गाढवीण माझ्या पायावर उभी राहिली आणि राहिलीच. नॉरिस म्हणाला, आवडलास तिला. अंगठा काळा झालाय. नातं जमतंय.

१ मार्च
पैसे आले. चाळीस.
परत पाहिलं. चाळीसच.
कर्स्टीला फोन. म्हणाली, टॅक्स कापलाय, तात्पुरत्या कोडने, म्हणजे अंदाजाच्या दराने. तुम्ही दर महिन्याला एवढेच काढणार असं धरतात. म्हटलं, बाई, दर महिन्याला एवढे काढणारा माणूस गाढवं घेईल का? म्हणाली, फॉर्म भरा, थोडे परत येतील. थोडे? हो, एकाच वर्षात सगळे काढलेत, त्यामुळे वरचा दर लागला. बाकीचे गेले.
मग हे आधी कुणी का नाही सांगितलं, असं मी कडक विचारलं.
तिने माझ्या सहा फेब्रुवारीच्या फोनची नोंद वाचून दाखवली. तीनदा ‘नको’. 

४ मार्च
मन मोठं केलं. मार्गदर्शनवाल्यांना आपणहून फोन लावला. बाईने विचारलं, पेन्शनमध्ये किती शिल्लक आहे? म्हटलं, काही नाही. ती हळूच म्हणाली, आमचं काम पैसे काढायच्या आधीचं असतं हो.
नॉरिसला म्हटलं, उरलेले उन्हाळ्यात देतो. म्हणाला, गड्या, स्केगनेसची एक बाई पैसे घेऊन उभी आहे. शुक्रवार म्हणजे शुक्रवार.
बँकेने कर्ज नाकारलं. विचारलं, नोकरी काय करता?
ग्लेन्डाला योग्य वेळी सांगायचं ठरवलं. ठाम.

८ मार्च, शुक्रवार. ४.५०. बसस्टॉपवर
ग्लेन्डा शाळेच्या किचनमधल्या तिच्या छोट्या पेन्शनसाठी मार्गदर्शन घेऊन आली. एकदम खूश. म्हणाली, अरे डग, किती सोपं आहे. आधी थोडेसे काढायचे, म्हणजे कोड नीट लागतो. मग काही आत्ता, काही सहा एप्रिलनंतर, टॅक्सच्या नव्या वर्षात. टॅक्स कितीतरी वाचतो. तुला सांगितलंच असेल म्हणा तुझ्या माणसाने.
हो म्हटलं.
नाव काय रे त्याचं? मला पुढच्या वेळी तोच हवा.
म्हटलं, त्याने नोकरी सोडली.
कधी?
तेरा फेब्रुवारीला.
ती मग म्हणाली, थांब, त्यांनाच विचारते, तुझी नोंद असेलच. आणि नंबर लावला. म्हटलं, विचार की. तिकडून कोणी उचलायच्या आत मी मागच्या दाराने बाहेर. पायात घरातल्या सपाता.
आता माझा फोन वाजतोय. ग्लेन्डा.
बस आली. कुठली आहे ते आत बसून बघतो.