प्लंबरला पाहून हसलेला मुलगा

प्रिय बाईसाहेब,

मंगळवारी, तुझ्या सिनेमाच्या चौथ्या मिनिटाला, माझं सगळं उलटंपालटं झालं. तू पुढच्या रांगेत, मी मागे साउंडवाल्या दादाशेजारी. पडद्यावर एक मुलगी डबा घेऊन जिना चढते. संगीत नाही, घाई नाही, नुसत्या चपला वाजतात. दाराशी थांबते. आतून मुलगा फोनवर बहिणीला सांगत असतो, "कॉलेज सोडलं मी तिच्यासाठी. आता जाते कुठे?" मुलगी डबा उंबऱ्यापाशी ठेवते, आली तशी खाली उतरते. मग पडद्यावर तुझं नाव येतं.

ते वाक्य माझं आहे. जसंच्या तसं. दोन वर्षांपूर्वी माझ्या त्या वरच्या खोलीत मी ताईशी बोललो होतो. लोक पाकीट मारतात, तू माझ्या तोंडातलं बोलणं मारलंस, आणि विचारायचीही तसदी घेतली नाहीस. दादा कानाशी म्हणाला, पोरगा भलताच आगाऊ दिसतोय. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आणि खेळ संपल्यावर चारचौघांत तू खोटारडा ठरवलंस कोणाला, तर मला! का, तर माझ्या ट्रेलरमध्ये ती मुलगी जिना चढते आणि लगेच दार उघडून मुलगा हसतो. हो, सिनेमात ते हसू प्लंबर आल्यावरचं आहे. मग? तुम्ही सुटे तुकडे पाठवता, तेही आवाजाशिवाय, आणि वर सांगता, लोक खेचून आण. ट्रेलरला रस्त्यानं चाललेल्या माणसाची बाही ओढायची असते. त्याला पुढचं मागे, मागचं पुढे करावंच लागतं. तुझ्या सिनेमाच्या सुरुवातीचं बरं असतं. माणूस आधीच येऊन बसलाय, दिवे गेलेत, उठून जाणार कुठे? तिला सावकाश खरं बोलायची चैन परवडते. पण एकदा बोलली की पुढचे दोन तास तिला ते निभवावं लागतं. ट्रेलरनं दीड मिनिट निभवलं की झालं.

मी तर दीड मिनिटाच्या मालावर दोन वर्षं काढली. दाराशी डबा सापडला, म्हटलं लाजली असेल. फोन उचलेनाशी झालीस, म्हटलं कामात असेल. एकदा छत्री दिलीस, एकदा माझ्या फालतू विनोदावर हसलीस, तेच पुढेमागे जोडत बसलो. ताई म्हणते, शिक्षणाचा डबा गुल, आणि हा बसलाय रिकामा डबा घासत.

काल तुझा निरोप आला: ते दार काढ, नाहीतर दुसऱ्याकडून कापून घेते. घे, काढलं. ट्रेलर आता जिन्यावरच संपतो. हार्ड डिस्क, एडिटिंग रूमची किल्ली आणि तुझा डबा टेबलावर ठेवलाय. ही माफी नाही. तुझी चोरी मी विसरणार नाही. पण एक गोष्ट तुझ्या सिनेमात नाही, ती तुला माहीतही नसेल, म्हणून हा कागद खरडला. त्या दिवशी तुझ्या चपला मी पहिल्या मजल्यापासून ओळखल्या होत्या. ताईला ते वाक्य सांगून झालं होतं. तू दाराशी आलीस तेव्हा मी ते मुद्दाम पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. तुला ऐकून आवडेल असं वाटलं होतं.

तुझाच (सवयीनं लिहिलं गेलं, खोडत बसत नाही),
ट्रेलरवाला

ता.क. दार ओढलं की आपोआप लागतं. वॉचमनकडे दुसरी किल्ली आहे. निघालो. ओढतोय.