दोन्ही तुझंच हाय

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि काल मी तुमच्याच म्हसवडच्या शाळेत होते. आता मी सांगलीला विश्रामबागेत राहते. शाळाशाळांतून फिरायचं आणि टॅबमुळे मुलांचं वाचन सुधारलं का ते बघायचं, ही माझी नोकरी. मी होय म्हटलं, तर पुढच्या वर्षीपासून लहान मुलांचं वाचन सगळीकडे टॅबच ऐकणार.

टॅबला नावं ठेवायला मी गेले नव्हते. भिंतीवरच्या पडद्यावर महाबळेश्वरचा पाऊस लावला होता आणि माणदेशातली ती पोरं डोळे फाडून बघत होती. "आवं, येवढा पाऊस त्यास्नी कशाला? थोडा हिकडं सोडा की," एक जण म्हणाला. आमच्या वेळी तुम्ही हातवारे करून समुद्र दाखवायचात. पुढे खरा बघितला तेव्हा तो मला जरा लहानच वाटला.

मग एक मुलगी टॅबसमोर वाचायला बसली. पडद्यावर होतं, 'माझे घर डोंगराजवळ आहे.' तिनं वाचलं, "माजं घर डोंगराजवळ हाय." शब्द लाल झाले. पुन्हा वाचलं, पुन्हा लाल. मग तिनं तोंडच उघडलं नाही.

"का गं थांबलीस?"

"ह्येला माजं बोलणं कळंना, बाई."

मला बाई म्हणाली, आणि तुमची इतकी आठवण आली की मला खिडकीकडे तोंड करावं लागलं. याच खोलीत मीही 'हाय' वाचून गप्प बसले होते. घरात दखनी उर्दू, गल्लीत माणदेशी, पुस्तकात तिसरंच. त्यातलं माझं कुठलं तेच कळायचं नाही. तुम्ही जवळ येऊन म्हणालात, "घरी हाय म्हण, वहीत आहे लिही. दोन्ही तुझंच हाय, बाय." तुमच्या तोंडी ते 'हाय' ऐकलं आणि मी पुढचं वाचायला लागले.

मी टॅब बाजूला ठेवला. "मला वाचून दाखव." तिनं सगळा धडा 'हाय, न्हाई' करत वाचला आणि विचारलं, "तुमास्नी कळलं?" कळलं होतं.

मी लिहून दिलंय, टॅब असू द्या, पण पोरांचं वाचन माणसानं ऐकावं. साहेब म्हणतात, ऐकणं कसं मोजायचं? मलाही ठाऊक नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर? पण तुम्हाला एक सांगायचंय. पोरं घरी गेल्यावर टॅबमधली बाई तोच धडा वाचत होती आणि मी डोळे मिटून, तिच्यात तुम्ही कुठे सापडता का, ते ऐकत बसले. तुमचा शब्द न् शब्द मला पाठ आहे, बाई. आवाज मात्र आठवत नाही. तेव्हा आपल्या वर्गात असला एखादा टॅब असायला हवा होता.