डावीकडची भेग

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. छकुलीची अभ्यासाच्या नावाने बोंब आहे, पण तुझं पत्र आलं की दोनदा वाचते. तू जेवत जा. मागच्या भेटीत गालफडं बसलेली दिसली, आणि अपघातात तुटलेला तो पुढचा दात अजून तसाच. तिथे दाताचा डॉक्टर येतो का, विचार.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला. कामाचा रेटा होता असं लिहिणार होतो. रेटा होता, पण ते कारण नाही.

गेल्या महिन्यात ओळखीच्या मेकॅनिकने दुकानात एक डॅशबोर्ड आणून टाकला. जुन्या ट्रकचा, नुसता सुटा. गाडी विकायची होती, म्हणून त्यावर नवं रेक्झिन चढवून हवं होतं. गाडी कुणाची, मी विचारलंही नाही. सुटं काम आलं की आम्ही माप विचारतो, मालक नाही.

उजवीकडे, स्टिअरिंगजवळ, उन्हाने पडलेल्या बारीक चिरा तेवढ्या होत्या. डावीकडे मात्र वीतभर भेग, पार फोमपर्यंत गेलेली, आणि तिच्याखाली गुडघ्यांच्या उंचीवर दोन खळगे. मी मेकॅनिकला म्हणालोसुद्धा, की डावीकडे बसलेल्याचं काही खरं नव्हतं. तो हसला. मीही हसलो.

भेगेत पुट्टी भरण्याआधी ती आतून साफ करावी लागते, नाहीतर चार महिन्यांत रेक्झिन फुगतं. मी सुरीने तिचं तोंड रुंद केलं, आतलं खरवडलं. फोममध्ये रुतलेला एक पांढरा तुकडा निघाला. दाताचा होता. शिसारी आली. बाकीच्या घाणीबरोबर हवेच्या पाइपने उडवून दिला. मग पुट्टी भरली, घासली, खळगे बुजवले, रेक्झिन ताणून बसवलं. इतकं साफ काम वर्षभरात माझ्या हातून झालं नव्हतं. त्या दिवशी मी खूश होतो, हेही लिहून टाकतो.

चौथ्या दिवशी बसवायला गेलो. गाडीला बाहेरून नवा रंग दिला होता. दार उघडलं तर आत छताजवळ तू ठोकलेली शर्टाची खुंटी, आणि तिच्याखाली तू खिळ्याने कोरलेलं ‘छकुली’.

दादा, तू पहिल्या दिवसापासून सांगतोयस, की त्या पहाटे मालकाचा पुतण्या गाडी चालवत होता, तू डावीकडे झोपला होतास, आणि तू शुद्धीवर येईपर्यंत तो पळून गेला होता. अपघातात मेलेले ते दोन मजूर तुझ्या हातून गेले नाहीत. कोर्टात कुणी ऐकलं नाही. आणि माझी साक्ष तुला ठाऊक आहे. ‘दादा आपलं स्टिअरिंग कुणाच्या बापाच्या हाती देत नाही.’ मला वाटलं, मी तुझी बाजू घेतोय. सरकारी वकिलाने ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि शिक्षा झाल्यावर मी मनातून धरून चाललो, की तूच चालवत होतास आणि घाबरून खोटं बोलतोयस. हे तुला कधी बोललो नाही. वहिनीने ओळखलं होतं. ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते, ते त्यामुळे.

मालक तिथेच उभा होता. “बघत काय बसलास? लाव की,” म्हणाला. मी लावला. आठ स्क्रू होते, आठही पिळले. त्याची गचांडी धरावी, चार माणसं गोळा करावीत, यातलं काही केलं नाही. मी भ्यालो, दादा. दुकानात येऊन त्या दाताच्या तुकड्यासाठी केराचं पोतं शोधलं, तर ते आदल्या दिवशीच रिकामं झालं होतं.

काल वकिलांकडे गेलो. अपील पुढच्या महिन्यात आहे. पंचनाम्यात नुसतं ‘डॅशबोर्ड तडकलेला’ असं लिहिलंय, कुठे ते नाही. रेक्झिन सोलून दाखवता येईल, असं मी म्हणालो. ते म्हणाले, आत पुट्टी दिसेल, पण भेग कधीची आणि कुणामुळे पडली, ते पुट्टी सांगणार नाही. उरला माझा शब्द, आणि तो आधीच तुझ्याविरुद्ध नोंदवलेला आहे. तरी मी उभा राहणार आहे. खोटारडा ठरवतील, ठरवू देत.

आज सकाळी वहिनीला सांगितलं. ती छकुलीची वेणी घालत होती. वेणी पूर्ण केली, तिला शाळेत पिटाळलं, मग म्हणाली, “मला पुरावा लागला नव्हता. तुला लागला. आणि मिळाला तेव्हा तू तो बुजवून टाकलास.”

भेटीच्या दिवशी येतो. तू मला भेटायला बाहेर आला नाहीस, तर वेळ संपेपर्यंत बाकावर बसेन आणि परत जाईन.

तुझ्याविरुद्ध साक्ष दिलेला,
तुझा धाकटा भाऊ