न पडणारं मशीन

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७, पेण
आमच्या विवाह मंडळानं मेलेल्या मुलीच्या घरी स्थळ पाठवलं. म्हणून लिहायला बसले.
रोह्याजवळच्या वरशाची सुनंदा गौरी-गणपतीनंतर काविळीनं गेली. वडील स्वतः पेणला येऊन सांगून गेले. नाव मीच काढलं, त्यांच्यासमोर. तरी परवा रविवारी नागोठण्याची मंडळी मुलगी बघायला तिच्या दारात. त्या घरी फोन नाही, न कळवताच गेली. पत्ता आमच्या रोह्याच्या ऑफिसातून मिळालेला.
ते अनंत बघतो, धाकटे भावजी. फोनवर म्हणे, "वहिनी, मशीनची चूक हाय, माणसाची नाय."
म्हटलं, मशीन कुणाच्या दारात जाऊन उभं राहत नाही.

बुध. १९, रोहा
सकाळच्या एसटीनं आले. अनंतचं विंडोजचं मशीन. माउस, रंगीत फोटो, म्हणून हट्टानं घेतलेलं. दिवाळीत लाइट गेली-आली, निळा पडदा, मग डेटाबेस उघडेना. यानं नक्कल ठेवलेल्या टेपवरून सगळं परत चढवलं. टेप श्रावणातली. मधले फेरफार पुन्हा भरायचे राहिले.
श्रावणात सुनंदा होती.
बोलले बरंच. युपीएस का नाही, रोजची टेप का नाही. माझं पेणचं युनिक्स मशीन बघ, पाडव्यापासून एकदा बंद पडलेलं नाही.
"त्या काळ्या पडद्यापुढं मुलीचे बाप बसतात का पण?"
"बसतात. सांगतील तेवढंच तिथं राहतं," म्हटलं आणि निघाले. चहाही घेतला नाही.

गुरु. २०, पेण
काढल्याची खात्री असूनही इथल्या मशीनवर सुनंदा टाइप करून पाहिलं.
आली. वय, उंची, बी.कॉम., 'स्थळ पाहणे आहे'.
दर शनिवारी रोह्याची फ्लॉपी येते, इथल्या डेटाबेसात चढते. पडलेल्या मशीनचं खोटं माझ्या न पडणाऱ्या मशीननं निमूट लिहून घेतलं. ते पडलं असतं तर निदान मी उघडून बघितलं असतं. आणि काल मी अनंतला काय काय बोलले...
त्याला फोन करून सांगितलं. तर म्हणे, "वहिनी, जेवलात का?"

रवि. २३, वरसे
गेले. अनंतला नको म्हटलं होतं, तरी आला. फाटकाशीच थांबला. वडील मागच्या खोलीत, बाहेर आले नाहीत.
काय झालं ते आईला सरळ सांगितलं. मशीनवर ढकललं नाही. त्या शांत होत्या, तेच सोसवेना.
"लोक लांबून आले व्हते. पोहे केले. मुलगा बरा वाटला, कंपनीत हाय, शिफ्टला जातो. पोहे खाल्ल्यावर सांगितलं."
मग विचारलं, "म्हंजे तुमच्याकडं ती अजून हाय?"
म्हटलं, उद्या काढते.
"नको काढू बाई. कुणाला दाखवू नको, पण असू दे. रेशनकार्डावरनं काढली. कॉलेजातनं दाखला आणला. आता हे पण..."
बघते, म्हटलं. असलं उत्तर मी कुणाला देत नाही. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाय का.

सोम. २४, पेण
नियम माझाच: गेलेल्याचं नाव त्याच दिवशी काढायचं. सकाळपासून पडद्यापुढं दोनदा बसले, दोनदा उठले. दाखवू नये अशी खूण घातली आहे. पण पुन्हा कुठली जुनी टेप चढली तर ती खूण राहील का, सांगता येत नाही. आणि पुन्हा कुणी त्या दारात...
अनंतचा फोन. "शनिवारच्या फ्लॉपीत तिचं काय करू?"
सांगते, म्हटलं.

काल वरशाला सुपूर्द, सुनंदाच्या आईच्या हाती:
मूळ पत्रिका.
फोटो दोन, एक उभा, एक बसलेला.
भरलेला अर्ज, तिच्या अक्षरातला.
मशीनमधली नोंद हाती देता येत नाही. काढलेली नाही.